लेखकनाम, हुद्दा आणि प्रदेश : बॉम्बे जिऑग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकातील लेखकत्वाचा विचार

मराठीत नियतकालिकांच्या अभ्यासाची परंपरा जुनी आहे. शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' आणि रा. के. लेले यांचा 'मराठी वृत्तपत्रांचा इतिहास' (१९८४) यांसारख्या ग्रंथांनी या अभ्यासाची पायाभरणी केली. परंतु या परंपरेचा भर प्रामुख्याने वृत्तपत्रे व वाङ्मयीन मासिके यांवर राहिला. विशिष्ट ज्ञानशाखेला वाहिलेली आणि विशिष्ट प्रदेशात निघणारी विद्वत्नियतकालिके साहित्याभ्यासकाच्या दृष्टीबाहेरच राहिली. भूगोलाच्या नियतकालिकाकडे साहित्याच्या अभ्यासकाने का वळावे, असा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उपस्थित होतो. त्याचे पहिले उत्तर असे की, एकोणिसाव्या शतकातील भूगोलाचे नियतकालिक हे बहुतांशी प्रवासवर्णने, लोकवर्णने आणि शब्दसंग्रह यांचेच संकलन असे. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. 'लेखक' ही संकल्पना कशी घडते व कशी बदलते, हे अशा नियतकालिकात कविता-कादंबरीपेक्षाही स्पष्ट दिसते. कारण तेथे लेखकाच्या नावाभोवती प्रतिभेचे वलय नसते. नावासोबत छापलेला हुद्दा, पद किंवा पदवी लेखकाच्या अधिकाराचे मूळ उघडपणे सांगत असते.

प्रस्तुत लेखात बॉम्बे जिऑग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकाचा या दृष्टीने विचार केला आहे, आणि पुढील काळातील भारतीय भूगोल-नियतकालिकांशी त्याची थोडक्यात तुलना केली आहे. लेखाचे प्रतिपादन असे : प्रादेशिक नियतकालिकाचा 'प्रदेश' त्याच्या नावातील गावावरून ठरत नाही, लिहिणाऱ्यांची नोकरी त्यांना जेथे नेते, तो त्याचा प्रदेश होतो. लिहिणारा वर्ग नाहीसा झाला की नियतकालिकाचा प्रदेशही नाहीसा होतो.

१. संस्था आणि तिचे नियतकालिक

लंडनमध्ये १८३० साली पुढे 'रॉयल जिऑग्राफिकल सोसायटी' या नावाने ओळखली गेलेली संस्था स्थापन झाली. तिच्या पाठोपाठ १८३० च्या दशकाच्या आरंभी मुंबईतही भूगोलाला वाहिलेली संस्था उभी राहिली. तिचे पहिले अध्यक्ष सर चार्ल्स माल्कम हे मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांचे बंधू. परंतु त्यांची येथे प्रस्तुत असलेली ओळख वेगळी आहे : ते कंपनीच्या मुंबईतील आरमाराचे अधीक्षक होते. 'बॉम्बे मरीन' या नावाने पूर्वी ओळखले जाणारे हे आरमार १८३० पासून 'इंडियन नेव्ही' म्हणवले जाऊ लागले होते. आरमाराचा प्रमुखच भूगोलसंस्थेचा अध्यक्ष असणे, हा योगायोग नव्हता. याच काळात आरमाराची जहाजे तांबडा समुद्र, अरबस्तानचा दक्षिण किनारा, मालदीव बेटे आणि सिंधूचे मुख यांच्या मोजणीत गुंतली होती. मोजणीबरोबर टिपणे होत. टिपणांचे अहवाल होत. आणि अहवालांचे निबंध व्हायला आता एक जागा मिळाली.

१८३६ पासून सोसायटीने आपले कामकाज छापण्यास सुरुवात केली. आधी 'प्रोसीडिंग्ज' व नंतर 'ट्रान्झॅक्शन्स' या नावाने १८७३ पर्यंत त्याचे १९ खंड निघाले. त्यातील मजकूर चाळताना सोमाली किनारा, येमेन, मालदीव, तैग्रिस-युफ्रेतिसचा मुलूख ही स्थळे ठळकपणे भेटतात. मुंबई बेटाच्या भूस्तरांवर जॉर्ज बुइस्ट यांचा विस्तृत निबंध १८५० नंतरच्या दहाव्या खंडात आहे. पण सह्याद्री व देश हे त्याचे मुख्य विषय कधीच झाले नाहीत. म्हणजे नाव मुंबईचे, आणि प्रदेश मात्र पश्चिम हिंदी महासागराचा.

२. हुद्दा हेच प्रमाणपत्र

या खंडांतील लेखकनाम सहसा एकटे येत नाही. 'लेफ्टनंट', 'कॅप्टन', 'असिस्टंट सर्जन' अशी उपाधी नावाआधी, आणि 'इंडियन नेव्ही' किंवा अमुक क्रमांकाची पलटण असा उल्लेख नावानंतर येतो. आज आपण लेखकाच्या नावाखाली विद्यापीठाचे नाव छापतो, त्याचाच हा पूर्वावतार आहे, असे वरवर पाहता वाटेल. दोहोंत फरक आहे. विद्यापीठाचे नाव लेखकाने कोठे शिक्षण-संशोधन केले, ते सांगते; हुद्दा लेखक कोणाच्या आज्ञेने तेथे गेला, ते सांगतो. वाचकाच्या विश्वासाचा आधार लेखकाची विद्वत्ता हा नसून त्याची प्रत्यक्ष उपस्थिती हा आहे. हुद्दा या उपस्थितीची ग्वाही देतो.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. कॅप्टन स्मी व लेफ्टनंट हार्डी यांनी 'टर्नेट' आणि 'सिल्फ' या जहाजांतून १८११ साली आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याची पाहणी केली. या सफरीतील निरीक्षणे 'ट्रान्झॅक्शन्स'च्या सहाव्या खंडात, १८४४ साली, छापली गेली. लेखन व प्रकाशन यांत ३३ वर्षांचे अंतर आहे. मूळ मजकूर वरिष्ठांसाठी लिहिला गेला होता. त्याला निबंधाचे रूप व वाचकवर्ग मिळवून दिला तो सोसायटीने. मिशेल फूको यांनी १९६९ च्या 'लेखक म्हणजे काय?' या व्याख्यानात असे सुचवले होते की, प्रत्येक मजकुराला लेखक असतोच असे नाही. पत्राला सही करणारा असतो, कराराला हमी देणारा असतो, लेखक मात्र विशिष्ट व्यवहारातच निर्माण होतो. स्मी यांच्या बाबतीत हा व्यवहार आपल्याला जवळजवळ तारीखवार दाखवता येतो. १८११ मध्ये ते अहवाल देणारे अधिकारी होते. १८४४ मध्ये ते लेखक झाले.

अहवालाचा निबंध होताना मध्ये आणखी एक व्यक्ती उभी असे. ती म्हणजे मजकूर संस्थेपुढे मांडणारा सभासद. लेफ्टनंट ख्रिस्तोफर यांनी जमवलेला मालदिवी भाषेचा शब्दसंग्रह १८४१ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला, तो मुंबईच्या डॉ. जॉन विल्सन यांच्या मार्फत. आणि तसा उल्लेख शीर्षकातच आहे. लिहिणारा एक, सादर करणारा दुसरा, ही दोन नावे आजच्या सूचीत नोंदवताना दुसरे नाव सहज गळून पडते. परंतु त्या काळच्या ज्ञानव्यवहारात मजकुराला दार उघडून देणाऱ्याचे नाव लेखकाच्या नावाइतकेच अर्थपूर्ण होते. संपादक, चिटणीस व लेखक या भूमिकाही फारशा विभक्त नव्हत्या. वर उल्लेखिलेले बुइस्ट हे 'बॉम्बे टाइम्स'चे संपादक, सोसायटीचे चिटणीस आणि तिच्या खंडांतील लेखक असे तिन्ही होते.

३. एका नावामागील माणसे

या खंडांतील निबंध सामान्यतः एकनामी आहेत. म्हणून पहिल्या खंडातील मालदीव बेटांच्या रहिवाशांवरील निबंध विशेष लक्ष वेधून घेतो. त्यावर यंग आणि ख्रिस्तोफर अशी दोन नावे आहेत. कॅप्टन मोर्सबी यांच्या हाताखाली १८३४ ते १८३६ या काळात मालदीवची मोजणी झाली. तीत हे दोघे लेफ्टनंट मालेत राहिले, तेथील भाषा व चालीरीती त्यांनी जाणून घेतल्या आणि निबंध संयुक्तपणे सादर केला. आजच्या परिभाषेत हे सहलेखन ठरते. परंतु येथे दोन नावे एकत्र येण्याचे कारण विषयाची विभागणी किंवा गुरुशिष्य-संबंध असे काही नाही. दोघे समान दर्जाचे अधिकारी एकाच मुक्कामी राहिले, एवढेच ते कारण आहे.

याच्या उलट उदाहरण क्रटेंडन यांचे. १८३६ साली मोखाहून येमेनची राजधानी सना येथे त्यांनी जो प्रवास केला, त्यात 'पॅलिन्युरस' जहाजावरील डॉ. हल्टन त्यांच्या सोबत होते. या प्रवासानंतर लवकरच आजारपणाने हल्टन मरण पावले. प्रवासाचा वृत्तांत १८३८ साली मुंबई व लंडन या दोन्ही ठिकाणी प्रसिद्ध झाला, तो एकट्या क्रटेंडन यांच्या नावे. यात कोणी कोणावर अन्याय केला, असे म्हणण्याचे कारण नाही. जो जगला त्याने लिहिले. परंतु एकनामी निबंध म्हणजे एकट्याचे निरीक्षण, हे समीकरण किती फसवे आहे, हे यावरून कळते.

त्याहून मोठा प्रश्न भाषिक मजकुराचा आहे. मुंबईच्या पायदळातील अधिकारी सी. पी. रिग्बी यांनी सोमाली भाषेची रूपरेषा व शब्दसंग्रह 'ट्रान्झॅक्शन्स'च्या नवव्या खंडात (१८४९-५०) प्रसिद्ध केला. सोमाली भाषेच्या व्याकरणाचा हा अगदी आरंभीचा प्रयत्न होय. रिचर्ड बर्टन यांनी १८५६ च्या आपल्या ग्रंथात त्याचा उल्लेख केला आहे. शब्दसंग्रह हा आकृतिबंध मुळातच बहुकर्तृक असतो. प्रत्येक शब्द कोणीतरी उच्चारलेला असतो, प्रत्येक अर्थ कोणीतरी समजावून दिलेला असतो. तरीही लेखकनामाच्या जागी संग्राहकाचे एकच नाव येते. दुभाषे, मुन्शी, नावाडी, वाटाडे यांच्याविना हे खंड निघाले नसते; पण लेखक म्हणून त्यांची गणना होण्याची सोय त्या व्यवस्थेत नव्हती. ही केवळ मुंबईची रीत नव्हती. १८६८ साली लंडनच्या नियतकालिकात नेपाळ ते ल्हासा या मार्गाच्या मोजणीचा वृत्तांत आला. तेथे कॅप्टन मॉन्टगोमेरी यांचे नाव लेखक म्हणून आहे, आणि प्रत्यक्ष पायी मोजणी करणारे नैनसिंग शीर्षकात केवळ 'पंडित' एवढ्याच शब्दाने येतात. गुप्ततेचे कारण तेथे खरेच होते, आणि १८७७ मध्ये त्यांना सुवर्णपदकही मिळाले. परंतु पदक माणसाला मिळते. लेखकनाम मजकुरावर राहते.

४. शिलालेख आणि समुद्र

या ठिकाणी त्याच शहरातील दुसऱ्या नियतकालिकाशी तुलना उद्बोधक ठरते. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे नियतकालिक १८४१ साली सुरू झाले. त्याच्या आरंभीच्या खंडांतच बाळशास्त्री जांभेकरांचे ताम्रपटांसंबंधीचे लेखन आढळते. १८६० नंतर डॉ. भाऊ दाजी लाड यांचे कालिदास, शिलालेख व नाणी यांवरील निबंध त्याची प्रतिष्ठा वाढवतात. भूगोलाच्या नियतकालिकाची घडण अशा लेखकांकडून झाली नाही. याचे कारण दोन संस्थांच्या उदारतेतील फरक असे मानणे सोपे आहे. परंतु ज्ञानाच्या साधनांकडे पाहिल्यास वेगळे कारण दिसते. शिलालेख वाचण्यासाठी संस्कृत व लिपी यांचे ज्ञान लागे, आणि ते शास्त्री-पंडितांच्या घरात होते. सोकोत्रा किंवा माले यांविषयी लिहिण्यासाठी जहाज लागे, आणि त्यावरील अधिकाराची जागा एतद्देशीयांना खुली नव्हती. लेखकत्वाचे दार भाषेकडून उघडले, समुद्राकडून उघडले नाही.

भूगोलविषयक लेखनाची इच्छा किंवा कुवत एतद्देशीयांत नव्हती, असा याचा अर्थ मुळीच नाही. १८६३ साली गोविंद नारायण माडगांवकर यांचे 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध झाले. शहराची वस्ती, इमारती, व्यापार, बंदर, जातिजमाती यांचे असे सविस्तर निरूपण सोसायटीच्या खंडांना शोभले असते. ते मराठीत, स्वतंत्र ग्रंथाच्या रूपाने, एका शिक्षकाने लिहिले. एकाच शहरात भूगोललेखनाचे दोन प्रवाह समांतर वाहत होते. एकाच्या लेखकाला हुद्दा होता आणि त्याचा विषय समुद्रापलीकडे होता. दुसऱ्याच्या लेखकाला हुद्दा नव्हता, पण त्याचा विषय त्याच्या पायांखालचा होता.

५. १८६३ ते १८७३

ज्या वर्षी माडगांवकरांचा ग्रंथ आला, त्याच वर्षी, ३० एप्रिल १८६३ रोजी, इंडियन नेव्ही बरखास्त करण्यात आली. तिच्याबरोबर सागरी मोजणीची मुंबईतील परंपराही खंडित झाली. हे काम पुन्हा संघटितपणे सुरू झाले ते १८७४ मध्ये, कलकत्त्यास. सोसायटी १८७३ साली एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत विलीन झाली. संस्थेच्या अस्ताला एकच कारण कधी नसते. तरीही लेखकवर्गाच्या दृष्टीने पाहता ही दहा वर्षे म्हणजे मूळ तुटल्यावर झाड वाळत जाण्याचा काळ होय. नियतकालिकाचे वाचक शहरात होतेच, ग्रंथालय होते, सभागृह होते. नव्या मजकुराचा पुरवठा करणारी नोकरी उरली नव्हती.

त्याच १८७३ साली आणखी दोन गोष्टी घडल्या, त्या एकत्र पाहण्यासारख्या आहेत. जेम्स कॅम्पबेल यांच्याकडे मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या संकलनाचे काम आले. भूगोललेखन आता समुद्राकडून जिल्ह्याकडे वळले, आणि लेखकाच्या जागी संकलक आला. रा. गो. भांडारकरांचा दख्खनचा प्राचीन इतिहास या मालिकेत त्यांच्या नावानिशी आला. पण जिल्हावार खंडांतील पुष्कळसा मजकूर अनेक लहानमोठ्या अधिकाऱ्यांच्या माहितीवर उभा असून संकलकाच्या नावाखाली एकजीव झालेला आहे.

दुसरी घटना मुंबईपासून दूरची, पण नाशिकशी जोडलेली आहे. १८७३ च्या मे महिन्यात आफ्रिकेच्या अंतर्भागात डेव्हिड लिव्हिंग्स्टन मरण पावले. त्यांचे शव किनाऱ्यावर आणणाऱ्यांमध्ये जेकब वेनराइट होते. गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांसाठी नाशिकजवळ शरणपूर येथे चालवल्या जाणाऱ्या मिशनच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले होते. त्यांनी या प्रवासाची रोजनिशी लिहिली, आणि ती १८७४ साली गोथा येथील पीटरमान यांच्या भूगोल-नियतकालिकात जर्मन भाषेत छापली गेली. आफ्रिकी किनाऱ्यावर १९ खंड वेचणारे मुंबईचे नियतकालिक त्या वेळी अस्तित्वात नव्हते. इलाख्यातील शाळेत शिकलेला एक आफ्रिकी माणूस स्वतःच्या नावाने भूगोलाचा लेखक झाला, तो जर्मनीत.

६. हुद्द्याकडून पदाकडे

पुढील टप्पा पाहण्यासाठी मुंबई सोडून मद्रासकडे वळावे लागते. १९२६ साली तेथे मद्रास जिऑग्राफिकल असोसिएशन स्थापन झाली व तिचे नियतकालिक सुरू झाले. संस्थेचे प्रवर्तक एन. सुब्रह्मण्यम हे शिक्षक-प्रशिक्षणाच्या क्षेत्रातील होते. भूगोलाचा लेखक आता जहाजावरून वर्गात आला. शिक्षकाची बदली फार तर जिल्ह्याबाहेर होते. त्याचा प्रदेश त्याच्या शाळेच्या आसपासचा. साहजिकच, नियतकालिकाचे नाव व त्याचा विषय यांतील अंतर कमी झाले. कलकत्त्यास शिवप्रसाद चॅटर्जी यांच्या पुढाकाराने १९३३ मध्ये संस्था आणि १९३६ मध्ये नियतकालिक निघाले. विशेष म्हणजे या दोन्ही नियतकालिकांनी पुढे शहराचे नाव टाकून देशाचे नाव घेतले. मद्रासचे नियतकालिक १९४१ मध्ये 'इंडियन जिऑग्राफिकल जर्नल' झाले, कलकत्त्याचे १९५१ मध्ये 'जिऑग्राफिकल रिव्ह्यू ऑफ इंडिया' झाले. पुण्यातून १९७९ पासून निघणाऱ्या इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन जिऑग्राफर्सच्या नियतकालिकाने 'ट्रान्झॅक्शन्स' हे जुने नाव पुन्हा धारण केले. मात्र आता ते विद्यापीठीय भूगोलज्ञांचे होते. नावांचा हा प्रवास लेखकाच्या नव्या ओळखीचा द्योतक आहे. लेखक आता प्रदेशाचा प्रतिनिधी म्हणून नव्हे, ज्ञानशाखेचा सभासद म्हणून लिहू लागला.

७. मोजणी आणि तिच्या मर्यादा

नियतकालिकांतील लेखकत्वाचा संख्यात्मक अभ्यास ग्रंथालयशास्त्रात बराच विकसित झाला आहे. त्यातील दोन-तीन कल्पना साहित्याभ्यासकाने जाणून घ्याव्यात. आल्फ्रेड लोटका यांनी १९२६ साली मांडलेल्या नियमानुसार, एखाद्या क्षेत्रात एकच लेख लिहिणारे १०० असतील तर दोन लिहिणारे सुमारे २५, आणि तीन लिहिणारे सुमारे ११ असतात. एकूण लेखकांपैकी साधारण ६० टक्के एकदाच लिहून थांबतात. डेरेक प्राइस यांनी १९६३ साली विज्ञानात एकट्याने लिहिण्याची रीत मागे पडत असल्याचे दाखवले. के. सुब्रमण्यम यांनी १९८३ साली सहकार्याचे प्रमाण काढण्याची सोपी रीत दिली : संयुक्त लेखांच्या संख्येला एकूण लेखांच्या संख्येने भागावे. समजा, एका खंडात ४० लेख असून त्यांपैकी १० संयुक्त असतील, तर हे प्रमाण ०.२५ येते.

ही साधने उपयुक्त आहेत. पण ती काळानुसार लावताना एक अडचण येते. प्रमाण काढणाऱ्याच्या दृष्टीने यंग-ख्रिस्तोफर यांचा निबंध आणि आजचा मार्गदर्शक-विद्यार्थी यांचा संयुक्त लेख सारखेच. वस्तुतः दोहोंतील 'आणि' या अव्ययाचा अर्थ भिन्न आहे. आजच्या लेखावरील दोन नावांमागे नियमांचा इतिहास असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएच.डी.च्या प्रबंधापूर्वी एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे आवश्यक केले. ही अट २०२२ च्या नियमांत राहिली नाही. २०१० च्या नियमावलीने अध्यापकांच्या लेखनाला गुण दिले, आणि संयुक्त लेखात पहिल्या लेखकाचा व मार्गदर्शकाचा वाटा इतरांहून मोठा ठरवला. अशा वेळी नावांचा क्रम हाही मजकुराचा भाग होतो, आणि तो नियमावली हाताशी ठेवूनच वाचावा लागतो. १८३८ च्या खंडात हुद्दा जे काम करत होता, ते आज नावांचा क्रम करतो.

एकदाच लिहिणाऱ्यांचेही तसेच. लोटका यांच्या सूत्रात तो वर्ग म्हणजे अल्पोत्पादक लेखकांचा. परंतु आरमारी अधिकारी एकदाच लिहीत असेल, तर त्याची दुसऱ्या जहाजावर नेमणूक झालेली असते. शिक्षक एकदाच लिहीत असेल, तर त्याला पुन्हा सवड मिळालेली नसते. संशोधक विद्यार्थी एकदाच लिहीत असेल, तर त्याची पदवी पूर्ण झालेली असते. आकडा एक, पण त्यामागील जीवने तीन.

८. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, प्रादेशिक भूगोल-नियतकालिकातील लेखकत्वाचा इतिहास हा एकनामी लेखनाकडून बहुनामी लेखनाकडे जाणारा सरळ मार्ग नाही. मुंबईच्या १९ खंडांतील एकनामी निबंध बहुतेकदा बहुकर्तृकच होते. फक्त इतरांची नावे छापण्याची रीत नव्हती. आज नावे वाढली, पण शब्द सांगणारा, वाट दाखवणारा, गावोगावी प्रश्नावली भरून घेणारा माणूस अजूनही बहुधा नामावलीबाहेर, फार तर ऋणनिर्देशात, असतो.

तौलनिक साहित्याभ्यासाला यातून एक कार्यक्षेत्र मिळते. मराठी विश्वकोश, गॅझेटिअरची मराठी रूपे, जिल्हा-इतिहास, बोलींचे शब्दसंग्रह या सर्वांची लेखकसूची तयार करताना केवळ नावे नोंदवून थांबू नये. नावासोबत छापलेला हुद्दा वा पद, मजकूर कोणामार्फत आला त्याचा उल्लेख, लेखन व प्रकाशन यांतील अंतर, आणि प्रस्तावनेतील आभार या चार बाबी सूचीत स्वतंत्र रकान्यांत याव्यात. जुन्या खंडांची पाने ठिसूळ होत चालली आहेत, आणि त्यांच्या संगणकीय प्रती काढताना शीर्षक व मुख्य लेखक एवढेच टिपण्याची प्रवृत्ती आहे. डॉ. विल्सन यांच्यासारखा मध्यस्थ किंवा हल्टन यांच्यासारखा सहप्रवासी अशा नोंदीतून एकदा गळला, की पुढील अभ्यासकाला तो कधी होता याचीही शंका येणार नाही. म्हणून हे काम सूची तयार होत असतानाच करावयास हवे.